सहावी गाडी राखीव ठेवावी की विकून मोकळं व्हावं?

खेपवाला
पाच टिप्पर, सगळे दहाचाकी. काम रोजचं आणि बोलीचं: सकाळी पाच गाड्या हजर पाहिजेत. एक कमी पडली की तिचं भाडं जातं, वर कपातही होते. आता नवी गाडी येतेय. अकरा वर्षं चाललेली जुनी विकायची की राखीव म्हणून ठेवायची, एवढाच प्रश्न आहे.

मोघम सल्ले नकोत म्हणून वर्षाच्या वहीतून खाडे मोजलेत. कामाचे ३०० दिवस, पाच गाड्या, म्हणजे १५०० गाडी-दिवस. त्यात १५० खाडे. फोड अशी: ड्रायव्हर नाही म्हणून ३४, सुटा भाग मिळेना म्हणून ३८, प्रत्यक्ष दुरुस्ती २१, मिस्त्रीची वाट १२, टायर १४, ठरलेली सर्व्हिस २०, पासिंग आणि कागदपत्रं ११.

दोन_बोट_ऑइल
ठेवा की. जुन्या गाडीचं कर्ज फिटलेलं असतं. नुसती उभी राहून काय खाते?

जमाखर्च
भरपूर खाते. विकली असती तर जी रक्कम हातात आली असती ती अडकून पडते, म्हणजे तेवढं नव्या गाडीचं कर्ज जास्त घ्यावं लागतं. त्याचं व्याज धरा. मग विमा, कर, पासिंग, उभी करायची जागा, न चालताही म्हातारे होणारे टायर, बॅटऱ्या आणि दर वर्षी उतरणारी किंमत. ‘फुकटची’ गाडी बहुतेक वेळा मोजलेलीच नसते.

ही बेरीज रकमेत ठेवू नका, दिवसांत आणा. एका गाडीच्या दिवसाच्या भाड्यातून डिझेल, टोल, खेपेमागचा भत्ता आणि टायर-ऑइलची झीज वजा करा. ड्रायव्हरचा पगार वजा करायचा नाही. गाडी उभी असली तरी तो द्यावाच लागतो, आणि राखीव गाडीवर बसणारही तोच आहे. जे उरलं त्यात कपात मिळवा. हा तुमचा एका खाड्याचा भाव. राखीव गाडीच्या वर्षाच्या बसत्या खर्चाला या आकड्याने भागलं की वर्षातून किती दिवस ती कामाला आली म्हणजे खर्च निघतो ते कळतं. पुढचा हिशेब दाखवायला हे उत्तर ६० धरतो. तुमचं तुम्ही काढा.

आता खाडे. ड्रायव्हरचे ३४ सरळ बाजूला काढा. माणूस नसेल तर सहाच काय, आठ गाड्या असल्या तरी उपयोग नाही. उरले ११६. पण राखीव गाडी ११६ दिवस चालणार नाही, कारण काही दिवशी दोन गाड्या एकदम बसतात आणि राखीव एकच आहे. ११६ भागिले १५००, म्हणजे एखादी गाडी उभी असण्याची शक्यता ७.७ टक्के. पाचही धडधाकट असण्याची शक्यता ०.९२३ चा पाचवा घात, ०.६७. म्हणजे १०० पैकी ३३ दिवस कमीत कमी एक गाडी उभी, वर्षाला ९९ दिवस. राखीव गाडी जुनी, तीही दहातून एकदा हाक मारली तर उठणार नाही असं धरलं, तर हाती ८९.

८९ हे ६० पेक्षा जास्त, म्हणून ठेवा असं म्हणायचा मोह होईल. पण तुलना रिकाम्या जागेशी करायची नसते. बाहेरून दिवसाच्या बोलीवर गाडी मिळते का? तिचं भाडं देऊन तुमच्या खाड्याच्या भावातला ७० टक्के नफा जात असेल, तर राखीव गाडी एका दिवसाला फक्त ०.७ खाडा वाचवते. ६० भागिले ०.७ म्हणजे ८६. आता ८९ विरुद्ध ८६. काठावर आलात.

खेपवाला
हे बरं झालं. म्हणजे उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही?

ग्रीसगन
उत्तर त्या ३८ मध्ये आहे. भाग मिळेना म्हणून ३८ आणि दुरुस्ती फक्त २१! पाना हातात धरून गेलेल्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट वेळ गाडी नुसती वाट बघत उभी आहे. आधी सुट्या भागांचं फडताळ भरा, मग सहाव्या गाडीचं बघू.

पाच एकाच मॉडेलच्या गाड्यांसाठी हे घरात असावं: फॅन बेल्टचे २ संच, रेडिएटरचे वरचे-खालचे होज क्लिपांसकट, १ वॉटर पंप, १ अल्टरनेटर, १ सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर), क्लच प्लेट-प्रेशर प्लेट-रिलीज बेअरिंगचा १ संच, मागच्या ब्रेकचा १ स्प्रिंग चेंबर, २ स्लॅक अ‍ॅडजस्टर, पुढच्या-मागच्या हबची बेअरिंगं आणि सील १-१ संच, व्हील बोल्ट-नट १०, जॉइंट क्रॉस २, शाफ्टचं सेंटर बेअरिंग १, कमानी स्प्रिंगचा मेन पाटा आणि दुसरा पाटा, सेंटर बोल्ट ४, यू-बोल्ट ४ नटांसकट, हौदा उचलायच्या जॅकचा प्रेशर होज १, पीटीओचं (गिअरबॉक्सवरून जॅकचा पंप फिरवणाऱ्या जोडाचं) सील किट १. डिझेल आणि एअर फिल्टर तर असतातच.

सेल्फ आणि अल्टरनेटर ‘फिरते’ ठेवा. बिघडलेला काढायचा, फडताळातला चढवायचा, गाडी सोडायची. काढलेला सावकाश दुरुस्त करून फडताळात परत. गाडीने दुरुस्तीची वाट बघायची नाही, भागाने बघायची.

क्लचचं एक सांगतो, कारण तिथे हात आखडला की तोच खाडा दोनदा पडतो. गिअरबॉक्स खाली उतरवला आहे आणि फक्त प्लेट बदलली, तर थकलेली प्रेशर प्लेट नवी प्लेट घसरवते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा दिसल्या तर तो लेथवर घासून घ्यायचा. तसाच ठेवला तर क्लच धरताना गाडी थरथरते. मधलं छोटं पायलट बेअरिंग बोटाने फिरवून बघा. खरखरलं तर त्याच वेळी बदला, नाहीतर क्लच पूर्ण दाबूनही गिअर कुरकुरत पडेल आणि मिस्त्री गिअरबॉक्सला दोष देईल. मागच्या सीलमधून ऑइल झिरपत असेल तर तेही त्याच वेळी, नाहीतर नवी प्लेट ऑइल पिऊन बसते.

डिझेलधूर
+१. फडताळात ४ सेंटर बोल्ट का, हे नवख्यांसाठी: सेंटर बोल्ट सहसा आपणहून तुटत नाही, यू-बोल्ट ढिले झाले की तुटतो. पाट्यांचा गठ्ठा घट्ट आवळलेला असेपर्यंत जोर यू-बोल्टवर असतो. ढिला पडला की ब्रेक मारताना अ‍ॅक्सल पुढेमागे सरकू बघतो आणि सगळा जोर त्या एका बोल्टवर येतो. मागून बघितलं तर गाडी तिरकी पळताना दिसते. नुसता बोल्ट बदलून भागत नाही. यू-बोल्टही नवे टाका, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट तसाच धरत नाही. आणि भरलेल्या दोन-तीन खेपा झाल्या की टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.

हेच चाकाच्या नटांना. चाक काढून बसवलं की ८० ते १५० किलोमीटरच्या आत परत टॉर्क. राखीव गाडी घाईत बाहेर काढताना नेमकं हेच राहतं.

जमाखर्च
ग्रीसगन यांचं फडताळ हिशेबात घेतो. भागाअभावीचे ३८ खाडे १० वर आले आणि सर्व्हिस-पासिंगचे ३१ पैकी १६ सुटीच्या दिवशी ढकलले, तर ११६ चे ७२ होतात. शक्यता ४.८ टक्के. पाचही चालू असण्याची शक्यता ०.७८. राखीव गाडी लागणार ६५ दिवस, त्यातले हाती ५९. मघाचा उंबरा ८६ होता. म्हणजे नीट फडताळ भरलेल्या पाच गाड्यांच्या धंद्यात, बाहेरून गाडी मिळत असेल, तर राखीव गाडी परवडत नाही.

डांबरी
कागदावर पटलं. पण या गणितात एक खोट आहे. ते धरून चाललंय की प्रत्येक गाडी आपापल्या मर्जीने बसते. तसं होत नाही. पाचही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच चिखलात, एकाच डिझेलवर. एका टाकीतून पाणी आलं तर तिघींचे फिल्टर एकदम चोंदतात. कामाचा हंगाम आला, फेऱ्या वाढल्या, की सगळ्यांचे पाटे आणि टायर एकदम बोलायला लागतात. खाडे जत्रेसारखे येतात, वर्षभर समान वाटून येत नाहीत.

आणि बाहेरची गाडी त्याच दिवसांत मिळत नाही, कारण सगळ्यांनाच लागते. म्हणून वर्षाची सरासरी बघू नका. हंगामाचे दोन-तीन महिने वेगळे काढा आणि हाच हिशेब त्यांच्यावर करा. भाव जास्त, खाडे जास्त, पर्याय नाही. तिथे राखीव गाडी बऱ्याचदा सहज सुटते. हंगामापुरती ठेवून मग विकणं हाही मार्ग आहे. तोवर किंमत थोडी उतरेल, तेवढी त्या दिवसांच्या खाती टाका.

खेपवाला
हंगामाच्या तीन महिन्यांत १५० पैकी ६१ खाडे निघाले. आत्ताच मोजले. त्यात ड्रायव्हरचे ९.

डांबरी
मग तिथेच उत्तर आहे. ७५ कामाचे दिवस धरले तर ३७५ गाडी-दिवसांत ५२ गाडीचे खाडे, जवळजवळ १४ टक्के. पाचही चालू असण्याची शक्यता निम्म्याच्याही खाली.

पाना_सतरा
ठेवणार असाल तर राखीव म्हणून ‘उभी’ ठेवू नका. कोपऱ्यात उभी राहिलेली गाडी राखीव राहत नाही. आधी तिची बॅटरी जाते, मग स्टेपनी, मग आरसे, शेवटी उरते ती नंबरप्लेट.

उभ्या गाडीत काय बिघडतं ते बघा. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून २४ होतात. रात्रभर विसावल्यावर प्रत्येकी १२.६ च्या वर पाहिजे. १२.४ ला पाऊण भरलेली, १२.२ ला अर्धी. १२.४ च्या खाली आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेट बसून ती मरते. बदलायच्या तर दोन्ही एकदम. एक नवी, एक जुनी ठेवली तर चार्जिंग दोघींत सारखं वाटलं जात नाही, एक उकळते आणि दुसरी उपाशी राहते.

ब्रेक: पार्किंग ब्रेक लावून ओल्या हवेत महिनाभर उभी केली की लायनिंग ड्रमला गंजाने चिकटतं. टाकीत डिझेल कमी असेल तर वरच्या मोकळ्या जागेत दव धरतं, पाणी तळाला बसतं, त्यात बुरशीसारखा चिकट गाळ होतो आणि फिल्टर चोंदतात. म्हणून उभी करताना टाकी भरून उभी करायची आणि वॉटर सेपरेटरचा नळ अधूनमधून सोडायचा. टायर एकाच जागी भार घेऊन चपटे बसतात. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून दहा वर्षांचा टायर भरलेल्या गाडीला लावू नका, पुढे तर मुळीच नाही.

आणि ‘रोज सकाळी दहा मिनिटं चालू करून ठेवतो’ हा उपाय उपायच नाही. जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून ऑइल तापत नाही. जळणाचं पाणी आणि कच्चं डिझेल ऑइलमध्ये उतरून तिथेच राहतं, आणि सेल्फने बॅटरीतून घेतलेलं पुरतं परतही भरत नाही. चालवायची तर २५-३० किलोमीटर, भार घेऊन, कूलंट ८०-९० अंशांवर येऊन टिकेपर्यंत.

यावर साधा तोडगा: सहाही गाड्या पाळीने चालवा. पाच कामावर, एक आत. प्रत्येक गाडीला सहा दिवसांतून एक दिवस मिळतो आणि सर्व्हिस, ग्रीस, टायर फिरवणं, ब्रेक अ‍ॅडजस्ट सगळं त्याच दिवशी. खेपवाला यांचे सर्व्हिसचे २० खाडे इथे गायब होतात, आणि ‘राखीव’ म्हणून आत असलेली गाडी काल संध्याकाळपर्यंत कामावर होती, त्यामुळे ती उठेल का ही धाकधूक नाही.

दोन_बोट_ऑइल
ड्रायव्हर ऐकणार नाहीत. ज्याची त्याची गाडी ठरलेली असते. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की क्लचवर पाय ठेवून चालवली म्हणून भांडण.

पाना_सतरा
खरं आहे, आणि ते भांडण नेहमी खोटं नसतं. दोन ड्रायव्हरांच्या हाती गेलेल्या गाडीचा बिघाड कोणाच्या नावावर टाकायचा हे कळत नाही. मग मधला मार्ग घ्या: प्रत्येक ड्रायव्हरची गाडी कायम, फक्त त्याच्या गाडीचा आतला दिवस असेल तेव्हा तो जुनी गाडी चालवेल. म्हणजे अनोळखी हातात जाते ती एकच गाडी. चावी घेताना आणि देताना किलोमीटर, ऑइल-कूलंटची पातळी आणि दिसलेली खोट वहीत. सही दोघांची.

ग्रीसगन
जुनीचे भाग काढून दुसऱ्या गाडीला लावण्याबद्दल. मोह होतोच. नियम दोनच ठेवा. काढलेल्या भागाची चिठ्ठी स्टीअरिंगला बांधायची, म्हणजे कोणी न बघता चावी मारणार नाही. आणि नवा भाग त्याच दिवशी मागवायचा. ब्रेक, स्टीअरिंग आणि व्हील बोल्ट यांना हात लावायचा नाही, नाहीतर अर्धवट जोडलेली गाडी चुकून तशीच बाहेर पडायची.

लोडर_दादा
एक गोष्ट कोणी बोललं नाही. गाडी भरलेली असताना रस्त्यात बसली तर राखीव गाडी नुसती पोचून काय करणार? माल हलवावा लागतो. टिप्परचं इंजिन बंद म्हणजे पीटीओ बंद, हौदा उचलला जाणार नाही. खडी-मुरूम असेल तर लोडर किंवा पोकलेनने काढायचा. ट्रेलरवाल्यांचं सोपं: नवा घोडा (पुढची इंजिनवाली गाडी) जोडला की ट्रेलर निघाला. टिप्परवाल्यांनी जवळ कोणाचा लोडर मिळेल हे आधी ठरवून ठेवावं, नाहीतर राखीव गाडीचा पहिला अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. जॅक अर्धा उचलून अडकला असेल तर हौद्याला मजबूत टेकू दिल्याशिवाय कोणीही खाली जायचं नाही. होज फुटला की हौदा इशारा देऊन खाली येत नाही.

टोचन लावून आणायची तर आधी मागच्या अ‍ॅक्सलचा शाफ्ट सोडा. चाकं फिरली की गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट फिरतो, पण इंजिन बंद असल्याने बऱ्याच गिअरबॉक्सांत त्याला ऑइल पोचत नाही. काही किलोमीटरांत बेअरिंगं जळतात. हवा गेली असेल तर स्प्रिंग ब्रेक लागलेलेच असतात. आधी चाकांना ठोकळे लावा, मग चेंबरच्या मागच्या भोकातून सोडण्याचा बोल्ट घालून, फिरवून अडकवा आणि नट आवळा. स्प्रिंगच्या चेंबरचा पट्टा उघडायचा नाही, कधीच नाही. आतली स्प्रिंग माणूस मारते.

जमाखर्च
तीन छोट्या मालकांनी मिळून एक राखीव गाडी ठेवण्याची कल्पना बरेच जण मांडतात, म्हणून तोही आकडा देतो. १५ गाड्या, ४.८ टक्के: एकही उभी नाही असे ४८ टक्के दिवस, नेमकी एक उभी असे ३६, दोन किंवा जास्त असे १६. म्हणजे ३०० पैकी ४८ दिवस गाडीवरून ओढाताण. बसता खर्च मात्र एक तृतीयांश. पैशाने हे सगळ्यात स्वस्त पडतं. अडतं ते ओढाताणीच्या दिवशी कोणाला द्यायची यावर, आणि दुसऱ्याच्या ड्रायव्हरच्या हातून अपघात झाला तर विमा उभा राहतो का यावर. पहिलं लेखी ठरवा: पाळी, ‘आधी मागेल त्याला’ नाही. दुसरं विमा कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालतंय’वर जाऊ नका.

खेपवाला
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: या महिन्यात फडताळ. जुनी हंगाम संपेपर्यंत, पाना_सतरा यांच्या पद्धतीने, आणि नंतर पुन्हा खाडे मोजून विकायची की नाही ते. जुनी बाहेर काढताना सकाळी काय बघायचं तेवढं सांगा, ड्रायव्हरला चिकटवून देतो.

पाना_सतरा
ऑइल, कूलंट, सेपरेटरचं पाणी. हवेच्या टाक्यांचे नळ सोडून पाणी काढा. पाण्याबरोबर ऑइल आलं तर कॉम्प्रेसर बघा. हवा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, चाकांना ठोकळे लावा, पार्किंग ब्रेक सोडा आणि एक मिनिट काटा बघा. २ पीएसआयच्या वर पडला तर गळती शोधल्याशिवाय निघायचं नाही. ब्रेक दाबून धरल्यावर ३ पर्यंत चालेल. मग व्हील नट, यू-बोल्ट, दिवे, आणि हौदा रिकामा एकदा पूर्ण उचलून खाली.

दोन_बोट_ऑइल
आत उभ्या गाडीची बॅटरी कट-ऑफने तोडून ठेवली तर चालेल ना?

ग्रीसगन
जुनीला चालेल. युरियाच्या गाड्यांना (धूर साफ करायला सायलेन्सरच्या वाटेत युरियाचं पाणी फवारणाऱ्या नव्या गाड्यांना) चावी बंद केल्याबरोबर तोडू नका. चावी बंद झाल्यावरही पंप मिनिट-दोन मिनिटं चालून नळीतला युरिया टाकीत परत ओढतो. तो आवाज थांबल्यावरच कट-ऑफ. मध्येच तोडलं तर द्रव इंजेक्टरच्या तोंडाशी वाळून पांढरे खडे होतात, आणि मग पाळीने आत आलेली नवी गाडी उद्या कामावर जात नाही. युरियाचा कॅनही उन्हात ठेवू नका. २५ अंशांच्या आत दीड वर्ष टिकतो, ३५ ला सहा महिने.